‘समस्या’ या रकान्यात आपण काय लिहितो?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही मराठवाड्यातल्या एका समाजकार्य महाविद्यालयात दोन वर्षांपासून शिकवता आणि एम.एस.डब्ल्यू.च्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) मुलांचा ‘सामाजिक न्याय’ हा पेपर तुमच्याकडे आहे. मुलं त्यात चांगले मार्क मिळवतात, पण क्षेत्रकार्याला, म्हणजे संस्थांत आणि गावांत प्रत्यक्ष काम शिकायला गेली की रॅली, पथनाट्य आणि जनजागृती मेळावा यांच्या पुढे जात नाहीत. संस्थावाले म्हणतात, ‘आमच्याकडे राजकारण नको.’ हा न्याय वर्गातून कामात उतरवायचा कसा, असं तुम्ही विचारलंय.

मी एकोणतीस वर्षं या क्षेत्रात आहे. पहिली अकरा संस्थांमध्ये गेली, पुढची शिकवण्यात आणि क्षेत्रकार्याच्या देखरेखीत. इतक्या वर्षांत शेकडो जर्नल, म्हणजे मुलांच्या क्षेत्रकार्याच्या नोंदवह्या, तपासली. मुलं कुठं अडतात ते मला नेहमी एकाच जागी दिसतं. जर्नलमध्ये किंवा केस पेपरवर ‘समस्या’ असा जो रकाना असतो, तिथं. त्या दोन ओळींत मूल जे लिहितं त्यावर पुढचं सगळं काम ठरतं. पेपरात न्यायाची व्याख्या बरोबर लिहिलेलं मूल त्या रकान्यात ‘पालकांची अनास्था’ लिहून मोकळं होतं, आणि आपण खाली सही करतो. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हा आहे.

एक उदाहरण नीट सांगते. आमचा एक विद्यार्थी बीड जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत क्षेत्रकार्याला होता. पाचवीतली एक मुलगी दिवाळीपासून शाळेत आली नव्हती. त्यानं लिहिलं होतं : समस्या – सततची गैरहजेरी. कारण – पालकांचं शिक्षणाविषयी अज्ञान व अनास्था. उपाय – पालकांचं समुपदेशन, गावात जनजागृती फेरी. मी आय.सी.मध्ये, म्हणजे एकेका विद्यार्थ्याशी होणाऱ्या बैठकीत, त्याला एवढंच विचारलं, ‘वडील कधी भेटले?’ ते भेटलेच नव्हते. घराला कुलूप होतं. शेजारच्या बाईनं आणि शिक्षकांनी जे सांगितलं ते त्यानं लिहिलं होतं.

मी त्याला परत पाठवलं. या खेपेला मुलीची आजी भेटली. तिच्याकडून नंबर घेऊन त्यानं रात्री आईला फोन लावला, कारण आईबाप ऊसतोडीला गेले होते आणि दिवसा ती फडात, म्हणजे उसाच्या शेतात असते. आई म्हणाली, ‘पोरगी ठिवू कुणापाशी? म्हातारीला तिचंच उठवत न्हाई. आन् बारक्याला कोपीत कोण बघंल?’ कोपी म्हणजे मुक्कामाच्या तळावरची झोपडी, आणि बारक्या म्हणजे मुलीचा दीड वर्षाचा भाऊ. आईबाप पहाटे अंधारातच तोडायला जायचे, गाडी भरून परतायला रात्र व्हायची, आणि दिवसभर त्या लेकराला दहा वर्षांची बहीण सांभाळायची. मोठ्या बहिणीच्या लग्नाला टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीवरची आगाऊ रक्कम, घेतलेली होती. मागच्या हंगामात ती फिटली नव्हती, म्हणून यंदाही त्याच टोळीत जाणं भाग होतं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळे आई मागं राहील हा विचारही कुणाला परवडणारा नव्हता. आईबाप तोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवणारं हंगामी वसतिगृह मंजूर होऊ शकलं असतं, पण टोळ्या गेल्यावर महिन्याभरानं प्रस्ताव हलला.

त्यानं रकाना पुन्हा लिहिला : उचल फिटलेली नाही, तळावर लहान मुलांना सांभाळण्याची सोय नाही, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव टोळ्या जाण्याआधी गेला नाही. मुलगी तीच, घर तेच. पण आता ‘उपाय’ या रकान्यात समुपदेशन लिहिता येईना. शाळा व्यवस्थापन समितीला घेऊन सप्टेंबरातच घरोघर यादी करायची, ग्रामसभेत ती वाचायची, जी मुलं जाणारच त्यांना तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड मिळतंय का ते बघायचं, असं काम पुढं आलं. त्या वर्षी ती मुलगी परतली नाही, पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच आली. पुढच्या वर्षी ती आणि आणखी तेरा मुलं गावात राहिली. उचलीचा प्रश्न मात्र जिथल्या तिथं राहिला, तोही अहवालात तसाच लिहायला लावला. एका विद्यार्थ्याच्या दोन सत्रांत उचल सुटत नाही. पण ती कागदावर आली की पुढचा विद्यार्थी शून्यापासून सुरू करत नाही.

याच ऊसतोडीतली दुसरी गोष्ट तुम्हाला माहीत असेल. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढं आला आणि सरकारला समिती नेमावी लागली. त्याच्या कितीतरी आधीपासून आपली मुलं त्या गावांत क्षेत्रकार्य करत होती, आणि त्यांच्या अहवालांत ‘महिलांमध्ये आरोग्यविषयक अज्ञान’ असं लिहिलेलं होतं. पाळीत एक दिवस सुट्टी घेतली तरी खाडा (गैरहजेरी) पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. फडात ना पाणी, ना आडोसा. हे त्या बायकांना पुरेपूर माहीत होतं. अज्ञान आमच्या अहवालांत होतं. हे आठवलं की मला अजूनही अस्वस्थ वाटतं.

मुलं असं का लिहितात? त्यांना कळत नाही म्हणून नव्हे. अभ्यासक्रमाची सुरुवातच अशी असते. इतिहासाच्या पेपरात आपण लंडनच्या १८६९ च्या धर्मादाय संघटनेपासून निघतो, शिकागोच्या हल हाऊस या वस्तीतल्या सेवाकेंद्राला थांबतो आणि १९३६ मध्ये मुंबईला नागपाड्यात समाजकार्य शिकवणाऱ्या सर दोराबजी टाटा स्कूलपाशी येऊन पोचतो. हे खोटं नाही, शिकवायलाच हवं. पण मुलाच्या मनात असं बसतं की समाजकार्य ही बाहेरून आलेली वस्तू आहे आणि फुले-शाहू-आंबेडकर हा ‘समाजसुधारक’ नावाचा वेगळा धडा आहे. मी पहिल्याच आठवड्यात महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर तास घेते, आणि तोही केस म्हणून.

गोष्ट मुलांना माहीत असते, म्हणून मी फक्त क्रम सांगते.  १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडला : सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनंही तसा ठराव केला. कागद पक्के होते. तरी तळ्यावर अस्पृश्यांना जाता येत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर गेले, पाणी प्यायले, मग मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, कोर्टकज्जा सुरू झाला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. एवढं सांगून मी मुलांना केस पेपर देते आणि म्हणते, ‘समस्या’ लिहा. दरवर्षी निम्मा वर्ग लिहितो, ‘पिण्याच्या पाण्याचा अभाव.’ मग मी विचारते, वस्तीत वेगळी विहीर खोदून दिली असती तर केस बंद केली असती का? वर्गात शांतता पसरते. तहान भागली असती आणि अन्याय पक्का झाला असता, हे कुणीतरी मागच्या बाकावरून बोलतं. मदत आणि न्याय यांतला फरक त्यानंतर मला व्याख्येनं शिकवावा लागत नाही. १९७२ च्या सुमारास बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम घेतली, म्हणजे महाडनंतर पंचेचाळीस वर्षांनीही तोच रकाना भरायचा राहिला होता, हे मुलं मग स्वतःच जोडतात.

जोतीरावांचंही तसंच. १८६३ मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हा समोर दिसत होत्या विधवा आणि त्यांची टाकलेली अर्भकं. त्या बाईला उपदेश करायचा मार्ग सगळ्यांना मोकळा होता. जोतीराव-सावित्रीबाईंनी तिला बाळंत व्हायला सुरक्षित जागा दिली, आणि केशवपन, पुनर्विवाहबंदी हे सगळं ज्या व्यवस्थेतून येतं तिच्यावर लिहीत-बोलत राहिले. व्यक्ती सहाय्य आणि सामाजिक कृती हे आपण दोन वेगळे पेपर करून ठेवलेत. त्या घरात ती एकाच दिवसाची कामं होती.

आता संस्थांकडे वळते, कारण तुमची खरी अडचण तिथं आहे. ‘राजकारण नको’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी भित्रा समजत नाही. कुणाचा निधी परदेशातून येतो, कुणाचं अनुदान जिल्ह्याच्या कार्यालयातून निघतं, कुणाची संस्था गावच्या पुढाऱ्याच्या जागेत चालते. आधी ही अडचण समजून घ्या. मी एजन्सी सुपरवायझरसमोर, म्हणजे संस्थेत मुलांवर देखरेख करणाऱ्या कार्यकर्त्यासमोर, ‘सामाजिक न्याय’ हा शब्द क्वचितच काढते. मी विचारते, ‘तुमच्याकडे येणाऱ्या लोकांना परत परत त्याच कामासाठी का यावं लागतं?’ यावर प्रत्येक अनुभवी कार्यकर्त्याकडे उत्तर असतं, आणि ते सांगायला तो उत्सुक असतो, कारण त्याला ते कुणी विचारलेलं नसतं.

पुण्यातलं एक काम मी या संदर्भात नेहमी सांगते. एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कार्यक्रमातून काही कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्यांच्या वस्त्यांत जात होत्या. सुरुवात शिकवण्यापासून होती. पण मुलं आयांबरोबर कचऱ्यावर का जातात, या प्रश्नाचा माग काढत त्या बायकांबरोबर कचराकुंडीपर्यंत पोचल्या. तिथं दिसलं की बहुतेक बायका दलित समाजातल्या, शहराचं काम करतात, पण शहराच्या लेखी त्या कामगारच नाहीत. कुणीही चोर म्हणावं, कुणीही हाकलावं. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. ओळखपत्र मिळालं, महापालिकेनं ते मान्य केलं, आणि पुढं याच कामातून दारोदार कचरा गोळा करणारी ‘स्वच्छ’ ही कचरा वेचणाऱ्यांची सहकारी संस्था झाली. नुसत्या रॅलीतून हे झालेलं नाही. साक्षरता वर्ग हा रास्त कार्यक्रम होता, पण ‘समस्या’ या रकान्यात ‘निरक्षरता’ खोडून ‘कामगार म्हणून मान्यता नाही’ लिहायचं धैर्य कुणीतरी केलं. आणि ते लिहिलं बायकांबरोबर बसून, त्यांच्या डोक्यावरचं ओझं बघून.

तुमच्या परिसरात यासारखं काय आहे ते मी इथून सांगू शकत नाही. पण भटक्यांच्या पालावरच्या वस्त्या असतीलच. तिथं मी मुलांना एकच काम देते : एका मुलाचा जातीचा दाखला काढून दाखवा. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५० आहे. ज्यांचा आजा कधी एका गावात दोन महिने राहिला नाही, ज्यांच्या घरात शाळेचं तोंड पहिल्यांदाच कुणी पाहतंय, त्यांनी आज्याच्या मुक्कामाचा कागद कुठून आणायचा? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्यांची नोंद पोलिसांत पक्की ठेवली, त्यांची महसुलात नोंद सापडत नाही. मूल तलाठी, तहसील, सेतू असे सहा हेलपाटे घालतं आणि सातव्या खेपेला त्याच्या जर्नलची भाषा बदललेली असते. ‘लाभार्थी कागदपत्रं सादर करत नाही’ हे वाक्य ते पुन्हा कधी लिहीत नाही.

आता एक इशारा, आणि तो मी फार गांभीर्यानं देते. विद्यार्थी एप्रिलमध्ये घरी जातो, ते कुटुंब गावातच राहतं. एकदा आमच्या दोन मुलींनी जातीवरून झालेल्या मारहाणीच्या प्रकरणात घरच्यांना लगेच पोलीस ठाण्यात नेलं. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा, त्यातल्या तरतुदी त्यांना तोंडपाठ होत्या, त्या चुकल्या नव्हत्या. पण रात्री त्या घराला दूध आणि किराणा बंद झाला, दुसऱ्या दिवशी शेतमजुरी बंद झाली, आणि मुलींची तोपर्यंत परीक्षा सुरू झाली होती. राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, पण त्या रात्री चूल पेटवायला तो उपयोगी पडला नाही. ते निस्तरायला आम्हाला आठ महिने लागले. तेव्हापासून माझा नियम असा : ज्याला परिणाम भोगायचे आहेत त्याच्या तोंडून निर्णय यायला हवा, आणि तक्रारीआधी धान्य, साक्षीदार, वकील आणि जिल्ह्यातली एखादी टिकाऊ संघटना यांची सोय झालेली हवी. हे जमणार नसेल तर विद्यार्थ्यानं तेव्हा नोंदी नीट ठेवाव्यात आणि त्या कुटुंबाची अशा संघटनेशी ओळख करून द्यावी. तेही काम आहे.

तसंच, समुपदेशनाला आणि छोट्या मदतीला कमी लेखू नका. न्यायाची भाषा नवी नवी शिकलेल्या मुलांना केसवर्क (व्यक्ती सहाय्य) ही नुसती मलमपट्टी वाटू लागते. मुंबईत १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं पोलीस आयुक्तालयात महिलांसाठी स्पेशल सेल सुरू केला. तिथं समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच आवारात बसते आणि मार खाऊन आलेल्या बाईचं ऐकून घेते. ऐकून घेणं हे समुपदेशनच. पण ती जागा पोलिसांत असल्यामुळे बाईचं म्हणणं ‘घरगुती भांडण’ म्हणून परत पाठवता येत नाही. समोर रडणारी बाई असताना व्यवस्थेवर भाषण देणारा कार्यकर्ता मला चालत नाही. तिला आधी पाणी द्या, रात्री कुठं झोपणार ते विचारा. मग घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यानं तिला त्याच घरात राहण्याचा हक्क दिलाय हे सांगा. ‘समझोता झाला, केस बंद’ असं लिहिण्याआधी समझोत्यात कुणी काय सोडलं, हे विचारायची सवय आपल्या विद्यार्थ्यांना लावा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. आपल्याच वर्गात काय चाललंय ते बघा. क्षेत्रकार्याचं वाटप कसं होतं? इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला कंपनीच्या सी.एस.आर.मध्ये (सामाजिक कामाच्या विभागात) आणि वाडी-वस्तीवरून आलेल्या मुलीला अंगणवाडीत, असं तर होत नाही ना? शिष्यवृत्ती उशिरा येते तेव्हा आठवड्याच्या दोन दिवसांचं एसटी भाडं कुठून आणतात? आमच्याकडे नंदुरबारची एक मुलगी जी.सी.मध्ये, म्हणजे गटाच्या बैठकीत, वर्षभर गप्प होती. ‘सहभाग कमी’ असा शेरा मीच लिहिला होता. पुढं ग्रामीण शिबिरात तिनं पावरी भाषेत बायकांची बैठक घेतली, दीड तास, हसतखेळत. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, बायकांना सगळं कळत होतं. मी परत येऊन तो शेरा खोडला. गावात आमच्या मुलांना आडनाव विचारून पाणी कुठल्या भांड्यात द्यायचं ते ठरतं, हेही घडतं, आणि मूल ते जर्नलमध्ये लिहीत नाही, कारण तिथं तसा रकाना नाही. आय.सी.मध्ये दार लावून विचारा. हळू विचारा.

२०१४ मध्ये समाजकार्याची जी जागतिक व्याख्या ठरली तिच्यात सामाजिक न्याय आणि मानवी हक्क यांना केंद्रस्थान दिलंय. प्राचार्यांसमोर किंवा विद्यापीठाच्या अभ्यास मंडळासमोर तिचा आधार घ्या, उपयोग होतो. पण तुम्ही कायम आहात की तासिका तत्त्वावर, यावर किती ताणायचं ते अवलंबून राहील. तासिकेवर असाल तर अभ्यासक्रम बदलायच्या मागे लागू नका. जर्नल तपासणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे, तिथून सुरुवात करा.

मी जर्नल परत करताना ‘समस्या’ या रकान्याखाली पेन्सिलीनं तीनच प्रश्न लिहिते : हे असंच चाललं तर कुणाचं भागतं? हे बदलायला कुणाची सही लागते? त्या माणसांनी आजवर काय काय करून पाहिलंय? तिसऱ्या प्रश्नावर मुलं सगळ्यात जास्त अडखळतात, कारण त्यासाठी परत जाऊन बसावं लागतं. बसू द्या. गृहभेटींची संख्या कमी झाली तरी चालेल, आणि तसं एजन्सीला आधीच कळवून ठेवा.

तुमच्या भागातून टोळ्या दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास निघतात. बहुतेक महाविद्यालयांत क्षेत्रकार्याचं वाटप रेंगाळत सप्टेंबरच्या शेवटाला जातं आणि मुलं गावात पोचतात तेव्हा घरांना कुलपं असतात. यंदा ऊसतोडीच्या दोन-तीन गावांचं वाटप तरी ऑगस्टमध्ये होतंय का बघा. झालं तर वसतिगृहाची यादी कशी करायची, ग्रामसभेत कोणत्या क्रमानं मांडायची, हे मी तुम्हाला सविस्तर लिहून पाठवीन.